मोड

मराठी शिकवण्याचा व्यवसाय पत्करून मला आता वीस वर्षे होत आली. या व्यवसायाचा एक तोटा असा, की कानावर पडलेला शब्द नुसता ऐकून सोडून देता येत नाही. सराफ जसा रुपया वाजवून पाहतो, तसा तो दोन-चार वेळा वाजवून पाहिल्याखेरीज चैन पडत नाही. घरची माणसे या सवयीला कंटाळली आहेत. आमटी कशी झाली आहे हे सांगायचे सोडून मी ‘आमटी’ या शब्दाच्या मागे लागतो, अशी आमच्या सौभाग्यवतींची तक्रार आहे. परंतु गेली काही वर्षे एक अगदी साधे क्रियापद माझी पाठ सोडीत नाही, आणि त्याचा नाद मात्र मला हौसेने लागलेला नाही. ते क्रियापद म्हणजे ‘मोडणे’.

आपण शहरातली माणसे हा शब्द किती सहज वापरतो पाहा! मुलांची खेळणी मोडतात, जमलेली लग्ने मोडतात, वाईट खोड मोडते. पाचशेची नोट मोडून आपण सुटे पैसे घेतो आणि त्या सुट्या पैशांनाही मोडच म्हणतो. आणि केव्हातरी बँकेतली मुदतीची ठेव मोडतो. मुलीच्या प्रवेशाची फी असते, आईचे ऑपरेशन असते, गच्ची गळू लागलेली असते. त्या दिवशी घरात थोडी शांतता असते. व्याज बुडाले म्हणून दोघेही हळहळतात. पण ही हळहळ फार काळ टिकत नाही, कारण पुढे पहिली तारीख असते. पगार येतो, हळूहळू पुन्हा शिल्लक पडते, पुन्हा ठेव होते. मध्यमवर्गाच्या घरात मोडलेली वस्तू बहुधा पुन्हा सांधली जाते. हे सांधण्याचे काम इतके गुपचूप होते, की त्याच्यासाठी आपल्याला वेगळा शब्ददेखील लागत नाही.

हाच शब्द पहिली तारीख नसलेल्या घरात कसा वागतो, हे मला माझ्या एका विद्यार्थ्यामुळे कळले.

२०१८ च्या दिवाळीच्या सुटीनंतर हा मुलगा वर्गात परत आला नाही. पाठीमागच्या बाकावर बसणारा, कमी बोलणारा, पण निबंध असा लिहिणारा की तपासताना हातातली लाल पेन्सिल बाजूला ठेवावी. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत माण होता. दुष्काळ जाहीर झाला की काही सवलती मिळतात. शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, शेतीपंपांच्या वीजबिलात कपात, टँकर, आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी. आमच्या कॉलेजच्या फलकावरही तशी सूचना लागली होती. जानेवारीत तो मुलगा कसलासा दाखला न्यायला आला, तेव्हा मी त्याला ती सूचना दाखवली.

“पाहिली, सर,” तो म्हणाला. “परीक्षेची फी माफ झालीय. पण खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे माफ होत नाहीत ना.”

“घरून काही सोय होणार नाही का?”

“घरात आता मोडायला काही राहिलं नाही, सर.”

वही घरी राहिली, असे मुले सांगतात ना, त्याच आवाजात त्याने हे सांगितले. तक्रार नाही, की डोळ्यांत पाणी नाही. त्या शब्दाने मात्र माझी झोप उडवली. ‘पैसे नाहीत’ असे तो म्हणाला असता तर मला ते समजले असते. गरिबीची ही भाषा आपल्या परिचयाची आहे. पण ‘मोडायला राहिलं नाही’ याचा अर्थ, आजवर तिथे काही ना काही मोडले जात होते. एखादा क्रम होता, आणि तो क्रम संपला होता.

मे महिन्यात मी त्याच्या गावी गेलो. सातारा जिल्ह्याचा नकाशा हा निसर्गाने केलेल्या पंक्तिप्रपंचाचा नमुना आहे. पश्चिमेच्या टोकाला महाबळेश्वर, तिथे वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेच्या टोकाला माण, तिथे पाचशे मिलिमीटर पडला तरी गाव समाधानी असते. सह्याद्रीवर आपली घागर रिती करून ढग पुढे येतात ते नुसतेच सावली द्यायला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी अनेक वर्षे शिकवली आहे. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्या कादंबरीच्या शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. तो शेवट वाचताना पुण्यातली मुले हळवी होतात, आणि तास संपल्यावर चहा प्यायला जातात. त्यात मुलांचा काही दोष नाही. त्यांच्या लेखी तो कादंबरीचा शेवट असतो. दहिवडीच्या स्टँडवर उतरून आत जाऊ लागलो, तेव्हा मला दिसले की तिथे तो शेवट नव्हे, दर चार-सहा वर्षांनी येणारा एक धडा आहे.

घरात मुलाची आजी होती. वय पासष्टीच्या पलीकडे, पण स्मरण असे, की आमच्या विद्यापीठातल्या इतिहासकारांनी हेवा करावा. कोणत्या साली काय मोडले हे तिला तोंडपाठ होते.

“आजी, पाऊस गेला म्हणजे आधी काय विकता तुम्ही?” मी विचारले.

“आदी शेरडं, मास्तर. शेरडं म्हंजे आमची पेटी. लागलं का काडायचं.”

मग तिने बोटांवर मोजीत पुढचा हिशेब सांगितला. शेळ्या-कोंबड्या आधी जातात, कारण त्या पुन्हा लवकर वाढतात. शेळी दोन वर्षांत तीनदा विते. त्यानंतर सुनेच्या कानातली फुले; आधी गहाण, मग व्याज फिटेना म्हणून मोड. त्यानंतर सोसायटी, पाहुणेरावळे, सावकार, जिथे मिळेल तिथून उसनवार. त्यानंतर दावणीची जनावरे. त्यानंतर घरातली माणसे बाहेर पडतात. आणि सगळ्यांच्या शेवटी जमीन. या क्रमाला कुणी कायदा केलेला नाही, पण ती पाळते शास्त्राप्रमाणे. परत मिळवायला सोपे ते आधी द्यायचे, अवघड ते मागे ठेवायचे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात यावा असा हा विवेक, आणि तो बाईला अक्षरओळख नसताना आलेला!

एका गोष्टीला मात्र तिने हात लावू दिला नव्हता. माच्याखालच्या मडक्यात राखेत घोळवून ठेवलेली मटकी होती, पेरणीची. “ही मोडली तर फुडं पेरायचं काय?” ती म्हणाली. मटकीला फुटतात तेही मोडच! हा शब्द एकाच घरात दोन्ही टोकांना उभा आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

या क्रमातले खरे दुखणे बाजारात आहे. आपण ठेव मोडायला जातो तेव्हा शेजाऱ्यानेही त्याच दिवशी ठेव मोडली म्हणून आपले पैसे कमी होत नाहीत. गावाचे तसे नसते. चारा संपतो तो सगळ्यांचा एकाच आठवड्यात, आणि एकाच आठवडे बाजारात सगळ्या दावणी रिकाम्या होतात. विकणारे शंभर, घेणारे चार. या घरची खिल्लारी बैलजोडी ऐंशी हजारांना घेतलेली होती. ती पंचेचाळीस हजारांना गेली. पाऊस पडला की हेच उलट होते. पेरणीच्या तोंडाशी जो तो बैल शोधू लागतो आणि तीच जोडी लाखाच्या खाली मिळत नाही. स्वस्तात विकायचे आणि महागात घ्यायचे, असा व्यापार जाणूनबुजून कोण करील? दुष्काळ तो करायला लावतो. पुढे चारा छावणी उघडली हे खरे. तिथे जनावरे राहिली, जगली. पण ती उघडली तेव्हा या घरचे बैल जाऊन कित्येक आठवडे लोटले होते.

आणि बैल गेले म्हणजे नुसते पंचेचाळीस हजारांचे बैल जात नाहीत. पावसानंतर जमिनीत वाफसा येतो, म्हणजे ओल पेरणीला बरोबर बेताची असते. हा वाफसा हलक्या जमिनीत तीन-चार दिवसांचा पाहुणा. ज्याच्या दावणीला बैल तो त्या दिवसांत पेरतो. ज्याचे बैल गेले तो भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी येईपर्यंत बांधावर उभा राहतो. पाळी येते तेव्हा ओल उडालेली असते. म्हणजे २०१८ च्या दुष्काळाचे पीक २०१९ च्या चांगल्या पावसातही कापावे लागते.

मुलाचे आईवडील त्या वर्षी ऊसतोडीला गेले होते. आपल्याकडे दिवाळीचा फराळ होतो त्या सुमारास बीडपासून माण-जतपर्यंतच्या कोरड्या गावांतून गाड्या भरून माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवराबायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव राहावे, यावर भाषाशास्त्राने काही म्हणण्याची गरज नाही. जाण्यापूर्वी मुकादम जी आगाऊ रक्कम देतो ती ‘उचल’. उचल म्हणजे काय, तर शेळ्या मोडल्या, फुले मोडली, बैल मोडले, आता पुढचा हिवाळा मोडला. हातपाय अजून राबायचे आहेत, पण त्यांची किंमत खाऊन झाली आहे. हंगाम संपताना ती फिटली तर बरे. न फिटली तर बाकी पुढच्या सालावर. आणि ज्यांच्या घरी प्यायला पाणी नाही ती माणसे जाऊन तोडतात काय, तर राज्यातले सर्वांत जास्त पाणी पिणारे पीक! आपल्या करंजीतल्या सारणाची साखर अशी येते. करंजी खाऊ नये असे माझे म्हणणे नाही. फक्त ती कुणाच्या हातून आली हे ठाऊक असावे.

आईवडील गेले, थोरला पुण्याला, आजी थकलेली. मग टँकर आला की धावायचे, चूल पेटवायची, उरलेली एक गाय सांभाळायची, हे करायचे कुणी? घरात आणखी एक माणूस होते, मुलाची धाकटी बहीण. ती दहावीत होती. मी गेलो तेव्हा दहावीची परीक्षा होऊन दोन महिने झाले होते. “पेपर कसे गेले?” असे मी सहज विचारले. तिने चहाची कपबशी पुढे ठेवली आणि म्हणाली, “मी न्हाई बसले, सर.” आजीच्या यादीत शेळ्या होत्या, फुले होती, बैल होते. ही गोष्ट त्या यादीत नव्हती. ती मोडल्याची नोंद कुणी केलीच नव्हती.

तेव्हापासून मला सरकारी कागदांतला एक शब्द आठवत राहतो, ‘पैसेवारी’. पूर्वी ती ‘आणेवारी’ होती. सोळा आणे पीक कशाला म्हणायचे हे ठरवून यंदाचे पीक किती आण्यांचे झाले ते पाहायचे. आणे गेले, पैसे आले. पन्नास पैशांच्या आत पीक असेल तर गाव टंचाईचे. २०१६ पासून दुष्काळ ठरवण्याची पद्धत बदलली. आता पावसाची तूट, जमिनीतली ओल आणि उपग्रहातून दिसणारी हिरवळ यांचाही हिशेब होतो. ही सुधारणा चांगलीच आहे. पण काढतात ती पैसेवारी पिकाची. घराची पैसेवारी कुणी काढीत नाही. एकाच बांधाच्या दोन बाजूंना पाऊस सारखाच बुडतो. पण एका घरचा मुलगा पोलिसात आहे, तिथून महिन्याला पैसे येतात. त्या घरच्या शेळ्यासुद्धा दावणीला राहतात. दुसरे घर २०१२ चा आणि २०१५ चा मार खाऊन आधीच अर्धे रिकामे झालेले, ते या खेपेला थेट शेवटच्या पायरीवर उतरते. आणि ज्याला जमीनच नाही, दुसऱ्याच्या रानात राबून जो पोट भरतो, त्याला मोडायला पहिल्यापासून दोन हातच. रान पडीक राहिले की तेही रिकामे. उपग्रहाला ही तिन्ही घरे एकाच रंगाची दिसतात.

आपल्या शहरी डोळ्यांनाही तसेच. दुष्काळ म्हटला की आपल्याला भेगाळलेली जमीन आणि पाण्याची रांग दिसते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली, तिचे फोटो आपण सर्वांनी पाहिले. तहान खरीच होती, आणि गाडीने मोठे काम केले. पण आगगाडीने पाणी नेता येते. विकलेले बैल आणि बुडालेले वर्ष आगगाडीने परत आणता येत नाही.

मग उपाय काय, असे वाचक विचारतील. मी मराठीचा मास्तर. धरणे आणि कालवे यांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण आजीनेच एक गोष्ट सांगितली ती सांगतो. बहात्तर साली ती नुकतीच लग्न होऊन आलेली कोवळी पोर होती. तो दुष्काळ याहून भयंकर, धान्यच नव्हते. लोकांनी परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला, कामावर मिळणारी सुकडी खाल्ली. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. “हाताला फोड आलं,” ती म्हणाली, “पर सासूची बोरमाळ ऱ्हायली.” १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. त्या अनुभवातूनच, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीने, रोजगार हमीची योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणाऱ्याला गावाजवळ काम देणे सरकारवर बंधनकारक ठरले. २००५ साली देशाने असा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचे उदाहरण समोर होते. या योजनेत पुढे घोटाळे झाले, हजेरीपटावर खोटी नावे चढली, हे सारे खरे. पण तिच्या मुळाशी असलेली समजूत आजीच्या बोरमाळेत आहे. घरातली वस्तू मोडण्याआधी माणसाला गावातच विकता येईल असे काहीतरी, म्हणजे त्याचे श्रम, मिळाले पाहिजे.

त्याच दुष्काळाने विलासराव साळुंखे नावाच्या पुण्यातल्या एका अभियंत्याला पुरंदर तालुक्यात नेले. तिथे त्यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम असा, की पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातल्या माणसांच्या प्रमाणात वाटायचे. भूमिहीनालाही त्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही. हा नियम ऐकला की मला वाटते, याने घराची पैसेवारी काढली होती.

दुष्काळाने मोडलेले घर आपण अभ्यासक्रमातही शिकवतो, फक्त ते तसे ओळखत नाही. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. देहूच्या एका खात्यापित्या महाजनाच्या घराचे त्यात दिवाळे निघाले. तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पैशाबरोबर गावातला मानही गेला, असे त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवले आहे. आपण त्यातून वैराग्याचा धडा काढतो, आणि तो काढावाच. पण परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या कागदांतला आपला वाटा तुकोबांनी इंद्रायणीत सोडून दिला. मला ही गोष्ट वैराग्याइतकीच हिशेबाची वाटते. मोडणे म्हणजे काय हे ज्याने घरात पाहिले, त्याने दुसऱ्याच्या घरातले मोडणे तेवढ्यापुरते थांबवले.

पाऊस पडला की दुष्काळ संपला असे आपण म्हणतो. वर्तमानपत्रातली त्याची जागा दुसऱ्या बातम्या घेतात. त्या घराचा हिशेब मी त्यानंतरही ठेवला आहे. २०१९ च्या परतीच्या पावसाने विहिरीला पाणी आले. २०२० साली दोन शेळ्या आल्या. बैलजोडी यायला २०२२ उजाडले. कानातली फुले आलीच नाहीत. २०१८ च्या दिवाळीत दहा ग्रॅम सोने बत्तीस हजारांच्या आसपास होते. २०२५ साली ते लाखाच्या पलीकडे गेले. आठवड्याच्या एका बाजारात जे गेले, त्यातले निम्मे परत यायला चार वर्षे लागली. आणि २०२३ साली पावसाने पुन्हा पाठ फिरवली.

त्या खेपेला मात्र बैल दावणीलाच राहिले. कारण माझा विद्यार्थी एक वर्ष गमावून परत आला होता, पदवीधर झाला होता, आणि पुण्यातल्या एका कचेरीत चिकटला होता. त्या घराला पहिली तारीख आली होती. तो महिन्याला पैसे पाठवतो आणि त्यातून चारा येतो. पाऊस दोन्ही वर्षी सारखाच दगा देणारा. घर तेवढे बदलले होते. एवढी एक गोष्ट नीट समजली, तरी दुष्काळाविषयी आपल्याला पुष्कळ समजले असे मी म्हणेन.

मध्यंतरी तो भेटायला आला तेव्हा मी बहिणीची चौकशी केली. तिचे लग्न झाले आहे, एक मुलगी आहे. दहावीला बाहेरून बसता येते, हे मी त्याला पूर्वीच सांगितले होते, फॉर्मही आणून दिला होता. त्याची त्याने आठवण काढली. “तिनं जपून ठेवलाय, सर,” तो म्हणाला. “पण सासरची माणसं म्हणतात, आता कशाला.”

शेळी, बैल, सोने, यांना निदान बाजारभाव तरी आहे. आज ना उद्या, महाग का होईना, ती परत घेता येतात. ज्या गोष्टी बाजारात मिळत नाहीत त्या मोडण्याच्या आधी मदत पोचली पाहिजे. नंतर पोचलेल्या मदतीचे आकडे कितीही मोठे असले तरी ते जमेला धरता येत नाहीत. तो फॉर्म आता जुना झाला आहे. यंदाचा नवा मी आणून ठेवला आहे. या दिवाळीत तो गावी जाईल तेव्हा त्याच्याबरोबर देणार आहे.